खऱ्याला हुंकार

मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तिवशात कोणालाही विचारा. रानडुकराच्या पाठीवर बसून मी अमरावतीच्या फूलबाजारात गेलो होतो, हे इतक्यांदा सांगून झालंय की आता मलाच ते डुक्कर आठवतं.

पण गोष्टीला हुंकार लागतो. समोर "हूं" म्हणणारं कोणी नसेल तर गोष्ट जागची हलत नाही. आमच्या घरी ते काम शकुनचं, माझ्या बायकोचं. झेंडूच्या माळा ओवता ओवता, मान वर न करता ती हुंकार द्यायची. खरं बोललो की "हूं". थाप आली की गप्प. भांडण नाही, टोमणा नाही, नुसती गप्प. मग मी मुकाट्यानं डुकरावरून उतरून एस.टी.त बसायचो, की आलाच हुंकार.

तिला जाऊन या वैशाखात वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी अकोल्याहून लेकीचा, करिश्माचा, फोन आला.

"बाबा, आईबद्दल मोबाईलमधी बोलून पाठवा. कार्यक्रमात सगळ्यायले ऐकवू. अन् मधात डुक्कर नका आणू."

त्या दुपारी मी बाजारातून आलो, दार लोटलं, आवाज नको म्हणून कूलर बंद केला आणि खाटेवर बसलो. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. डोक्यावर टिनपत्रे तडतडत होते, तेवढाच काय तो आवाज.

"शकुन एकोणीस वर्षांची असताना या घरात आली," मी सुरू केलं.

"हूं."

वर्षानुवर्षांची सवय. मी तसाच पुढं गेलो. "शेवंतीची पहिली रोपं तिनंच लावली. मी नाही म्हणत होतो."

"हूं."

"तिला गोडाचा कंटाळा होता, पण लेकीसाठी..."

तिथं माझी जीभ थांबली. आवाज उशाकडून आला होता. घरात वर्षभर माळ ओवली गेली नव्हती, तरी झेंडूच्या ओल्या देठांचा वास येत होता.

भ्यालो का? भ्यालो. पण हा आवाज बंद पडला तर, याची भीती त्याहून मोठी होती. मागं वळून न पाहता मी एकेक खरी गोष्ट सांगत गेलो. ती रागावली की भाकरी जाड व्हायची, करिश्माच्या फीसाठी तिनं कानातले मोडले होते, तिला पोहता येत होतं. हुंकारामागून हुंकार. वर्षभरात एवढं सुख लागलं नव्हतं.

मग शेवट आला. तो साऱ्या गावाला मीच सांगितलेला.

"माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. मी पाणी पाजलं."

गप्प.

"पाणी पाजलं..."

पत्रे तडतडले. बाकी काही नाही.

"शकुन," मी हळू म्हणालो, "हे लेक ऐकणार हाय..."

गप्प.

तेव्हा सांगितलं. दोनदा तिचा फोन आला होता. मी चौकातल्या टपरीवर गोष्ट सांगत होतो, गोष्ट रंगात आली होती. दोन्ही वेळा फोन कापला. घरी आलो तर ती चुलीपाशी आडवी पडलेली, हात गार.

"हूं."

ते बोलणं मी जसंच्या तसं पाठवलं. अर्ध्या तासानं करिश्माचा फोन आला. ती नाक ओढत होती.

"मले माहीत होतं, बाबा. आईच्या मोबाईलमधी तवाच पाह्यलं होतं मी."



"पण हुंकार कोण देऊन राह्यलं होतं? शेजारच्या सुंदराबाई बसल्या होत्या काय?"

"कोणी नाही, बेटा. एकटाच हाय मी घरात."

म्हणालो आणि सवयीनं हुंकाराची वाट पाहिली. आला नाही. म्हणजे एकटा नव्हतो. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. वर्षानं कोणीतरी घरी आलं होतं.

"तुई आई हाय इथं," मी फोनवर म्हणालो. "शकुन आली हाय."

वाट पाहिली. पुन्हा पाहिली. हुंकार नाही. वास तसाच होता, उशाकडून जरा माझ्या जवळ सरकलेला.

"बाबा?" करिश्मा म्हणाली. "बाबा... बोला ना."

मी फोन खाली ठेवला. 

"तू... शकुन नाहीस."

"हूं."