रडत न्हाय ती पोर

अरं काम्वेंड्या, तुझ्या खुर्चीला आग लागली! "पोरं म्हणजे काय, लहान आकाराची माणसंच, त्यासाठी नर्सला वेगळं शिकायची काय गरज?" म्हनं! दवाखान्याचा साहेब हायेस का कोंबड्यांचा यापारी?

तो हितं न्हाय, ठावं हाय मला. दुपारी कमिटीत तोंडावर बोललो की. झोंबा शहरात आजारी पोरं बघायचं नर्सांचं शिक्षन निघालंय, आपल्या दवाखान्याला एक जागा हाय, आपल्या नर्सचं, फाइनेसीचं, नाव लिव म्हनलं. तर मलाच म्हनतो, "म्हातारबा, तुम्ही मका बघा."

बघतो की मका. भाजतोय न्हवं? घ्या रं, खावा. आन् गप ऐका. जोसाया, दात काढू नगं. ही हवंतली गोष्ट न्हाय. फाइनेसी माझ्या बायकोच्या भनीची लेक. माझ्या चुलीम्होरं बसून सांगितलंय तिनं, आन् सांगताना हातातला चहा समदा लुगड्यावर सांडला.

बाळंतपनात तिचा हात धरनारं कोन न्हाय. पन आजारी पोरं कशी बघायची ते तिला कुनी शिकवलंच न्हाय. मागल्या साली बी अशीच एक जागा आलती. काम्वेंड्यानं कुनाला धाडलं? मेव्हन्याला! गाडीचा डायवर! पंधरा दिस झोंब्यात चंबो मासा चापून आला, शिक्षनात वाटलेली टोपी घालून. पोराची नाडी कुठं असती इचारा, टायर दावंल.

तर फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. आपल्याकडं तवा पाऊस, मलेरियाचं दिस. ओसरीवर बायकांची ही लांब रांग. फाइनेसीचा हिशोब सरळ. जे पोर जास्त बोंबलतं, त्येला आधी. तुमी-आमी बी तेच केलं असतं. रांगंत डोरिका म्हनून एक बाई व्हती, सात मैल चालत आलेली. पाठीला कापडात वर्साची पोर. पोर हूं न्हाय का चूं न्हाय. फाइनेसी दोनदा जवळनं गेली. दुसऱ्यांदा म्हनली, "किती गुनाची गं पोर तुझी! बस हां ताई, एवढं रडनारं उरकते."

डोरिका हसली. आईच ती. बरं वाटलं तिला.

पोर कशाची गुनाची! रडायला जीव लागतो, तेवढा बी उरला न्हवता. शिकलेली नर्स ओसरीवर आली की आधी गप पोर हुडकती. तापानं अंगातली साखर उतरली व्हती तिची, जिभंखाली चमचाभर वली साखर ठिवली असती तरी... जाऊ द्या.

कापड सोडलं तवा पोर गार.

डोरिका रडली न्हाय. म्हनली, "तुमीच म्हनला न्हवं सिस्टर, गुनाची हाय." परत पाठीला बांधली. मेलेलं पोर मिनीबसवाला घेत न्हाय. म्हनून निजल्यावानी मुंडकं झाकलं, आन् गेली.

फुडचा शुक्रवार. रातीचं अकरा वाजून वीस मिंटं. फाइनेसी बादली घेऊन हापशावर गेली. रोजचंच काम. मागं वॉर्डात बारा पोरं. समदी टाहो फोडत्यात. एवढा गलका, की हापशाची कुरकुर बी तिला ऐकू येईना.

बादली अर्धी भरली. आन् हापशाचा आवाज आला.

कुर्र... कुर्र...

तिनं हात थांबवला.

वॉर्ड गप.

एक न्हाय, दोन न्हाय. बाराच्या बारा.

बादली टाकून पळत आली. ओसरीवरच्या बाकावर एक पोर बसलेली. वर्साची. एकलीच. पाय खाली सोडून.

"कुनाची गं तू?... आई कुठाय तुझी?"

...

"अगं बोल की!"

पोर बोलली न्हाय. गुनाचीच ती.

फाइनेसी आत घुसली. बारा पोरं पडलेली. डोळं उघडं. श्वास चालू. आया हलवत्यात, चिमटं काढत्यात. "रड रं राजा! एकदा रड!"

न्हाय.

आता कुनाला आधी बघनार? आँ? जे रडंल त्येला आधी, एवढंच तर येत व्हतं तिला.

पयल्या खाटंवरनं सुरवात केली. कपाळाला हात. दुसरी खाट. तिसरी. सातवी. आठवी. कुनी खोकंना बी. मागं बघायचं धाडस न्हाय... दारात कोनतरी उभं हाय, एवढं कळतंय.

अकरावी.

बारावी. आपल्या गावच्या फिलेमोनचा धाकटा. हात लावला...

गार.

आन् बाकीची अकरा येकदम रडाया लागली.

बाकावर कोन न्हवतं. उजाडल्यावर फाइनेसी भाईर आली. आंब्याच्या फांदीला पोरं जोखायचा काटा टांगलेला असतो, बघितलाय न्हवं? त्येची झोळी रिकामी. पन तानलेली. काटा साडेसहा किलोवर. डोरिकाच्या पोरीच्या कार्डावर शेवटचं वजन तेवढंच.

काम्वेंड्यानं काटा बदलला. नव्यावर बी तेच. परवा मी सोता जाऊन बघितलं. रिकामी झोळी, वारं न्हाय, काय न्हाय.

आता आठ किलो हाय. वाढतिया ती.

आन् ह्यो भाड्या परत मेव्हन्याचं नाव लिवतोय. उद्या सकाळी तुमी पाची जन त्येच्या दारात बसा. फाइनेसीचं नाव कागदावर आल्याबिगर उठायचं न्हाय.