औषध मायले, गुण पोराले

"कुल्फी केवढ्याले देल्ली?"

यवतमाळच्या स्टँडवर, रणरणत्या उन्हात निळी थंडपेटी कवटाळून उभ्या असलेल्या दीपानं वळून पाहिलं. नेरच्या बसमधून उतरलेला एक उंच तरुण, सोबत त्याची आई.

"कुल्फी नाही. स्तनाच्या कॅन्सरचं नवीन औषध आहे. आमच्या दवाखान्यात चाचणी चाललीय."

त्याचा चेहरा पडला. "आमी तिथंच चाललो... मायले घेऊन."

दीपानं जीभ चावली. मग तिघं एकाच ऑटोत बसले.

दवाखान्यात तिनं त्याच्या आईला, कौसल्याबाईंना, सगळं समजावलं – गाठीची वाढ रोखायची, ती पसरू द्यायची नाही, यासाठी हे औषध; गुण येईल, कदाचित येणारही नाही; मधेच सोडायची मुभा. मग संमतीचा कागद पुढे केला.

"पहिले कोनावर पाह्यलं?"

"उंदरांवर."

"म्हंजे उंदराच्या मागून माहा नंबर! आन इकडं पेन."

दर तपासणीला दीपा विचारायची, "काही नवीन त्रास?"

"मले नाई वो, पोराले हाय. जेवत नाई. दवाखान्याचा वार आला का दोनदा आंघोळ, वरून अत्तर. हेबी औषधानंच का?"

दीपाचं पेन थांबलं. तिचा पोरगा इंद्रजित भिंतीवरचं 'थुंकू नये' परीक्षेला येणार असल्यासारखं वाचत होता.

"अत्तर... जरा जास्तच झालंय," ती पुटपुटली.

"कमी करू?"

"नको... म्हणजे, करा."

मग स्कॅनचा दिवस उजाडला. इंद्रजित दारासमोर येरझाऱ्या घालत होता. दीपानं पाण्याचा ग्लास पुढे केला. बोटांना बोटं लागली – आणि कुणीच ती मागे घेतली नाहीत.

डॉक्टर बाहेर आले. गाठ गेली नव्हती. पण वाढली नव्हती, कुठे पसरलीही नव्हती. "औषधामुळंच का, ते आत्ताच सांगता यायचं नाही. पण सध्या थांबलीय."

कौसल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. इंद्रजितनं जिन्यात दीपाला गाठलं.

"मॅडम, तुमी मले... लय आवडता. झालं, बोलून गेलो. आता रागवा."

"तुमची आई माझी पेशंट आहे, इंद्रजित. असं चालत नाही."

तो मान खाली घालून तिथंच बसला. दीपा मात्र तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरली आणि बाहेर आली ती सहकारी विमलताईंना घेऊन.

"मावशी, यापुढं तुमची तपासणी विमलताई करतील."

"काहून? माहं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही..." दीपाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पण सासूची तपासणी सुनेनं केलेली... इथं चालत नाही."

जिन्यात कुणीतरी दोन पायऱ्या चुकवून धडपडल्याचा आवाज आला.