निळ्या शर्टाची कॉलर

पोराची ट्रंक घरी आली तेव्हा आईने त्याच्या दर रजेत करायची तेच केलं. ट्रंक उघडली, नाक मुरडलं आणि सगळे कपडे धुऊन टाकले. लढाईत विमान समुद्रात पडलं, पोरगं सापडलं नाही, हे तिच्या डोक्याला कळलं होतं. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

वडील कामावरून आले. दोरीवरचा एकेक शर्ट त्यांनी हुंगला. नुसता साबण.

"त्याचा वास होता गं त्यांना," एवढंच म्हणाले आणि न जेवता झोपले. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घड्याळ उरलं होतं, पत्रं उरली होती. वास मात्र तिने स्वतःच्या हाताने मोरीत सोडला होता.

शर्ट इस्त्री करून तिने त्याच्या खोलीत टांगले. काही दिवसांनी झाडायला गेली, तर निळ्या शर्टाची कॉलर आतून मळलेली. तिने ती नाकाशी धरली. इंजिनाचं तेल, घाम आणि तान्हेपणापासून ओळखीचा मानेचा वास. दार लावून ती पोटभर रडली.

वडिलांनी शर्ट छातीशी धरला. "आता धुऊ नकोस... पाया पडतो तुझ्या."

तिने शब्द दिला. पण कॉलर रोज जास्तच मळत गेली. वडील रोज संध्याकाळी त्या खोलीत बसत, त्यांना जेवण जाऊ लागलं. आईचा जीव मात्र तीळतीळ तुटे. पोरगं पहिल्यापासून टापटिपीचं. दर पत्रात एकच रडगाणं, की इथे धुणं नीट होत नाही, मळका शर्ट अंगाला टोचतो. शेवटी एका दुपारी, वडील बाहेर गेलेले पाहून, तिने तो धुतलाच. बादलीतलं पाणी काळं झालं. हाताला बारीक, खरखरीत वाळू लागली.

गच्चीवर ऊन रणरणत होतं. बाकीचे कपडे तासाभरात कडक वाळले. निळा शर्ट संध्याकाळीही ठिबकत होता. वारा पडलेला, चादरी निपचित, आणि त्याच्या तेवढ्या बाह्या थरथरत होत्या.

वडील जिना चढून आले. रागावणार होते, पण तिचा चेहरा पाहून थांबले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्याच्या अंगात असतानाच धुतला हो मी..."

वडिलांनी खाली जाऊन आपला लोकरीचा कोट आणला आणि त्या शर्टावर पांघरला. थरथर हळूहळू थांबली. दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसले.

सकाळी पाहिलं, तर कोटाची सगळी बटणं लावलेली होती.