मीरगुल एजेची फेरी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठीक, नाही तर पुढे सरका. मला वाद घालायची हौस नाही.

भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते, वारा लागतो, दिवे जावे लागतात. इथे यातलं काहीच नव्हतं. भरदुपार होती. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं आणि वॉर्डात चहाचे पेले वाजत होते.

मी आसिपा. नारीनच्या वरच्या अंगाला डोंगरात एक लहान इस्पितळ आहे, तिथे नर्स आहे. त्या हिवाळ्यात आमच्याकडे हृदयाचा डॉक्टर नव्हता. होती ती पडद्यावर. मीरगुल एजे. आमच्यात मोठ्या बहिणीला एजे म्हणतात, आणि तिचा दराराही तसाच होता.

ती बसायची तिकडे राजधानीत, बिश्केकला. आमच्या वॉर्डात फिरायचं तिचं यंत्र. खाली चाकं, मध्ये एक दांडा, वर माणसाच्या उंचीला पडदा. पडद्यावर तिचा चेहरा. तिकडे बसून तीच ते चालवायची. खाटेजवळ यायची, रिपोर्ट बघायची, आम्हाला झापायचीसुद्धा.

"आसिपा, तुझा चहा नंतर. आधी आजोबांचं ब्लडप्रेशर घे."

यंत्राचं एक चाक कुरकुरायचं. कुईं... कुईं... असा आवाज आला की पेशंट सावरून बसायचे.

कोपऱ्यातल्या खाटेवर बुरुल आपा होती. आपा म्हणजे आमच्यात आई. मीरगुल एजेची सख्खी आई. हृदय पार थकलेलं. शहरात चल म्हटलं तर ऐकायची नाही. म्हणून एजे रोज दुपारी यंत्रातून तिच्याकडे यायची.

"एवढी शिकवली आणि पदरात पडली ही काठी," आपा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणायची. "ना कुशीत घेता येत, ना कान पिरगाळता येत."

"कान वाचवायलाच तर लांब बसलेय, आपा."

"नवरा मिळाला नाही तुला, चाकं मात्र मिळाली!"

वॉर्डभर हशा व्हायचा.

आमच्यात आलेला माणूस नानचा घास खाल्ल्याशिवाय उठत नाही. आपा नानचा तुकडा पडद्यासमोर धरायची. एजे तिकडे तोंड हलवायची आणि म्हणायची, "खाल्लं, आपा." मगच यंत्र वळायचं.

मग एका सकाळी फोन आला.

एजे आईला प्रत्यक्ष भेटायला गाडीने निघाली होती. डोलोन घाटात गाडी घसरली. ती जागीच गेली.

फोनवर जुमादिल आके होते, आपाचे थोरले दीर. म्हातारा माणूस.

"पोरी, बुरुलला काही कळू देऊ नकोस. आम्ही येतो. घरची माणसं तिच्याभोवती बसवून रीतीनं सांगू."

आमची ही रीतच आहे. मरणाची बातमी कुणीही उठून सांगत नाही. ज्याचं माणूस गेलं, त्याच्यापासून सगळं गाव ती लपवतं. थोरली माणसं येतात, शेजारी बसतात, आडून आडून सांगतात, आणि मग सगळे एकदम रडतात. एकट्याला ते ओझं द्यायचं नाही.

पण घाट बर्फानं बंद झाला होता. माणसं पलीकडे अडकली.

यंत्राची देखभाल करणारा तालाय माझ्या शेजारी उभा होता. त्यानं फोन हातात घेतला. "आके, तुम्ही तिकडून पडद्यावर बसून सांगा ना. मी जोडून देतो."

"मरण काचेतून सांगतात का रे?" म्हातारा कडाडला. "तुझ्या आईला असं सांगितलं असतं तर चाललं असतं तुला?"

तालायनं फोन मला परत दिला.

आम्ही ठरवलं, कुणी तोंड उघडायचं नाही. आपाचं हृदय ते. एक धक्का आणि खेळ खलास. मी तिला सांगितलं, "आपा, बर्फामुळे लाइन बंद आहे. एजे काही दिवस येणार नाही."

तिनं नानचा तुकडा रुमालात गुंडाळून उशाशी ठेवला.

दुपारी चहा आला. तालाय माझ्यासमोरच बसला होता, घास तोंडात.

आणि मग...

कुईं... कुईं...

तालायचा घास तसाच राहिला.

यंत्र वॉर्डाच्या दारातून आत आलं. पडदा काळा होता. चेहरा नाही, आवाज नाही. तालाय कॉम्प्युटरकडे धावला. परत आला तो पांढराफटक पडून.

"तिकडून कुणीच जोडलेलं नाही," तो पुटपुटला.

यंत्र माझ्यासमोर येऊन थांबलं. पडद्याच्या वर एक बारीक हिरवा दिवा असतो. पलीकडून कुणी बघत असेल तरच तो लागतो.

तो लागला होता.

मला धीर झाला नाही. मी ट्रेमधल्या गोळ्या उगाच इकडच्या तिकडे करू लागले. ते बराच वेळ तसंच उभं होतं. वर बघायला माझ्यानं मान उचलवेना.

मग ते वळलं आणि आपाच्या खाटेकडे गेलं.

"आलीस?" आपा म्हणाली. "आज तोंड का दाखवत नाहीस गं?"

तिनं नानचा तुकडा पुढे धरला.

'खाल्लं, आपा' असं कुणी म्हणालं नाही. आणि यंत्र काही तिथून हललं नाही.

दुसऱ्या दिवशी तालायनं इंटरनेटची वायर उपटली. यंत्राची बॅटरी काढली. ते सामानाच्या खोलीत कोंडलं आणि किल्ली खिशात टाकली. "आता येऊन दाखव म्हणावं," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

दुपार झाली. चहा आला. आम्ही कान देऊन बसलो.

काहीच आवाज नाही.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि आपाच्या गोळ्या घेऊन वळले...

ते तिच्या खाटेशी उभं होतं.

कधी आलं, कुणी पाहिलं नाही. तालायनं खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

हिरवा दिवा जळत होता. आपा उठून बसली होती. अगदी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, आणि तिचा हात हवेत, पडद्याच्या खाली, पुन्हा पुन्हा फिरत होता. लहान पोरीच्या पाठीवरून फिरवतात तसा. मला वाटलं, हिचं हृदय आता बंद पडणार. मी ठोके दाखवणाऱ्या मशीनकडे पाहिलं. ठोके इतके शांत कितीतरी दिवसांत पडले नव्हते.

मी भित्री बाई नाही. प्रेतं धुतली आहेत मी. पण त्या दुपारी आपाच्या गोळ्या द्यायला मी जवळ गेले नाही.

तिसऱ्या दिवशी यंत्र आलं नाही. सामानाच्या खोलीतच होतं, दिवा बंद.

सकाळीच आपानं मला हाक मारली.

"आसिपा, स्वयंपाकघरात तेल तापव. बोर्सोक तळ. वास चांगला दूरवर जाऊ दे."

तेलात पीठ तळून वास काढतो आम्ही, तो मेलेल्यांसाठी. त्यांना घास पोचत नाही, वास पोचतो.

"कुणासाठी, आपा?" मी कसंबसं विचारलं.

"जिला भूक लागलीय तिच्यासाठी. तळतेस की मी उठू?"

मी तळले. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कुणी विचारलं तर सांगायला तेलाचा धूर होता.

दुपारी घाट उघडला. माणसं आली. जुमादिल आके आपाच्या उशाशी बसले, बाकीचे भोवती. मी औषध भरलेली सुई हातात घेऊन भिंतीशी उभी राहिले. तिला काही झालं तर तयारी असावी म्हणून.

आकेंनी घसा साफ केला. "बुरुल... हातावरचा ससाणा कधी कधी उडून जातो..."

"राहू द्या," आपा म्हणाली. "मला माहीत आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

"ही बिचारी काही बोलली नाही," आपा म्हणाली. "पोरगी दारात आली तेव्हाच मला कळलं. आईला कळतं. पण तिला कळलं नव्हतं."

कुणाला काही उमगेना.

"तुम्ही माझ्यापासून लपवलंत, रीतीला धरून लपवलंत. पण तिला कोण सांगणार होतं? ती आपली रोजच्यासारखी फेरीला आली. मला म्हणाली, आपा, मी किती हाका मारल्या, आसिपा वर बघतच नाही. माझ्यावर रागावलीय का?"

माझ्या हातातली सुई खाली पडली.

"मग मी सांगितलं तिला. जवळ बसवलं, हात हातात घेतले आणि आडून आडून सांगितलं. आमच्या दोघींचं रडून झालंय. आता तुम्ही रडा."

त्या यंत्राला हात नव्हते. नुसता दांडा होता.

आपा त्या दिवशी गेली नाही. अजून आहे, अजून सगळ्यांना टोमणे मारते. एजे काय काय बोलली, हे मात्र तिनं पुन्हा कधी सांगितलं नाही. आता त्याच यंत्रातून दुसरा डॉक्टर येतो. चांगला माणूस आहे. पण पडदा उजळायला जरा उशीर झाला की मला घाम फुटतो.

आणि एक सवय लागलीय. वॉर्डात कुणी गेलं की नातेवाइकांना फोन करायच्या आधी मी खाटेशी वाकते. नाव घेते, आणि त्याच्या कानात हळूच सांगते, तू गेलास म्हणून.