मॉस टँगनीची साक्ष

थेडी क्लॉटीला त्या नोव्हेंबरात कोर्टाच्या इमारतीत बोलावणं आलं, तेव्हा त्याच्या बायकोने, हॅनाने, शेजारच्या घरून एक कडक कॉलर मागून आणली. सरकारदरबारी जायचं तर गळा नीट झाकलेला हवा, असं तिचं म्हणणं.

"आणि फार खोकू नकोस तिथं," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "नाहीतर खोक बापडा. बघू देत त्यांना."

थेडी हसला, आणि हसता हसताच त्याला ढास लागली.

खोकला जुना होता. इंग्रजांशी लढाई चालली होती त्या दोन हिवाळ्यांत डोंगरातल्या ओल्या खड्ड्यांतून निजून त्याने तो कमावला होता. आता चौदा वर्षांनी आपलंच सरकार त्या लढाईतल्या माणसांना पेन्शन देऊ लागलं होतं. थेडीला कुदळ उचलवत नव्हती. पेन्शन मिळाली तर थोरली नेल घरी राहणार होती. नाही मिळाली तर बोटीत बसून अमेरिकेला जाणार होती. तिकडच्या मावशीने तिकीटसुद्धा धाडून ठेवलं होतं. पोरगी पंधरा वर्षांची. गेली की गेली, हे त्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही.

केरी परगण्याच्या त्या डोंगराळ भागात मेलेल्या माणसाचं नाव कोणी उघडं सोडत नाही. नावामागोमाग 'देव त्याचं भलं करो' हे आलंच, मग तो हाडवैरी का असेना. ऑगस्टात पेन्शन कचेरीचा अधिकारी, मिस्टर व्हीलन, माहिती लिहून घ्यायला आला होता. त्याने विचारलं, "नॉकीनच्या पुलावर इंग्रजांशी चकमक झाली, त्या रात्री तुमच्या जोडीला कोण होतं?"

"मॉस टँगनी," थेडी म्हणाला, आणि थांबला.

पुढचे चार शब्द त्याच्या तोंडून निघालेच नाहीत. चौदा वर्षांत कधीच निघाले नव्हते. चर्चमध्ये बाकीचे ते म्हणत, तेव्हा हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसे. व्हीलनची आई त्याच डोंगरातली. त्याला ही रीत पक्की ठाऊक: ते शब्द नाहीत म्हणजे माणूस जिवंत. त्याने मॉसला जिवंतांच्या रकान्यात घातलं, आणि साक्षीचा कागद मॉसच्या पत्त्यावर पाठवून दिला.

कोर्टातल्या वरच्या खोलीत आज व्हीलन होता आणि शेजारी गॅरेट ब्रॉस्नन, थेडीच्या तुकडीचा जुना कमांडर. दुपार असूनही धुक्यामुळे दिवा लावला होता. ब्रॉस्नन थेडीकडे बघत नव्हता.

"तुमच्या साक्षीदाराचं उत्तर आलंय," व्हीलन म्हणाला, आणि त्याने वाचायला सुरुवात केली. "थेडी क्लॉटी त्या रात्री माझ्या शेजारी होता. मला गोळी लागल्यावर त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं. उजाडेपर्यंत तो हलला नाही. अजून इथंच आहे. खाली सही, मॉस टँगनी."

"मॉसची शवपेटी मी खांद्यावर वाहिलीये, थेडी," ब्रॉस्नन हळूच म्हणाला. "देव त्याचं भलं करो. तूही होतास की माझ्या मागं."

व्हीलनने थेडीने स्वतः लिहिलेला अर्ज त्या कागदाशेजारी ठेवला. दोन्हीकडचं अक्षर एकच होतं. तेच डावीकडे कललेलं वळण, अक्षरांची तीच अर्धवट सोडलेली शेपटी. थेडीने कागद उचलला. तो ओलसर होता, आणि त्याला पुलाखालच्या कुजक्या लव्हाळ्याचा वास येत होता.

"हे मी लिहिलेलं नाही."

"मग कोणी लिहिलं?" व्हीलन म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या नावाने खोटी साक्ष... हे प्रकरण मला पोलिसांकडे द्यावं लागेल."

"चारपर्यंत थांबा," ब्रॉस्नन म्हणाला. "थेडी, वर मॉसच्या म्हातारीकडे जा. कागद तिच्याच घरी गेला होता ना? तिने कुणाकडून लिहवून घेतला असेल तर तसं सांगू दे. म्हातारं माणूस आहे, कोण काय करणार आहे तिला?"

मॉसची आई, पेग टँगनी, वर एकटीच राहायची. तिच्याकडे जायचा सरळ रस्ता नॉकीनच्या पुलावरून होता. थेडी तिथून कधी जात नसे. तो नेहमीसारखा शेतातून, कुंपणं ओलांडत, मैलभराचा वळसा घेऊन धापा टाकत चढला.

पेगने दार उघडलं आणि आधी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबून पाहिला.

"हात ऊन आहे," ती म्हणाली. "बरं झालं बाबा. मी हॅनाकडे निरोप पाठवणार होते, तू आहेस ना म्हणून."

"असं का, मावशी?"

तिने त्याला चुलीपाशी बसवलं. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या सुकवलेल्या मातीच्या, विटा धुमसत होत्या. ती चहा ओतता ओतता अगदी साधेपणाने सांगू लागली.

"पत्र आलं तो मृतात्म्यांचा दिवस होता, गेलेली माणसं रात्री घरी येतात तो. नाव मॉसचं. मला कुठं वाचता येतंय? आणि त्याचं पत्र मी का फोडू? संध्याकाळी चूल झाडली, पाणी ठेवलं, त्याची खुर्ची मांडली, दाराची कडी काढून ठेवली. दरवर्षी करते तसंच. पत्र खुर्चीवर ठेवलं आणि आत जाऊन पडले."

"मग?"

"मग आले."

"आले... म्हणजे?"

"दोघं आले. मी एकच खुर्ची मांडलेली. मॉस बसला. दुसरा आपला उभाच. मॉस म्हणाला, माझी बोटं गारठलीत, तूच लिही. मग त्यानं लिहिलं. सकाळी पाकीट तयार होतं, मी पोस्टमनच्या हाती दिलं."

थेडीने कप ओठांपासून दूर केला. "दुसरा... कोण होता, मावशी?"

"कोण काय विचारतोस? तूच की. पंचवीस वर्षांचा, केस सगळे काळे. म्हणून तर घाबरले. म्हटलं, आमचा थेडी गेला की काय."

थेडीने कप खाली ठेवला. त्याला वाटलं आता खोकला येईल, पण रडू आलं. मोठ्या माणसाचं रडू, ओंगळ, नाक पुसत पुसत.

"मी त्याच्याजवळ नव्हतोच मावशी. मी खोटं बोललो सगळ्यांशी. इंग्रजांची लॉरी आली, त्याच्या पोटात गोळी लागली आणि मी पळालो. पलीकडच्या काटेरी झुडपांत जाऊन पडलो. त्यानं मला हाक मारली. 'थेडी, आहेस का रे?' दोनदा मारली. मला स्पष्ट ऐकू आली. मी ओ दिली नाही."

पेगने चुलीत एक वीट सरकवली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. नुसता खूप दमलेला होता.

"शिपाई होते तिथं?"

"होते."

"ओ दिली असतीस तर तुलाही मारलं असतं."

"हो."

"तरी द्यायला हवी होतीस," ती म्हणाली. मग डोळे न टिपताच पुढे सरकली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून कुजबुजली, "आता कुणाला सांगू नकोस. माझ्या पोराला वाटतंय तू शेजारी आहेस. तेवढ्यावर पडून आहे तो. मी सांगते त्यांना, पत्र मीच लिहवलं म्हणून. तू फक्त हो म्हण. तुझी पोरगी घरी राहील, माझा पोरगा निवांत राहील. हो म्हणायला काय जातंय?"

बाहेर पडला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. वळशाने जायला वेळ नव्हता. थेडी चौदा वर्षांनी पहिल्यांदा पुलाच्या रस्त्याला लागला.

धुकं इतकं दाट होतं की पुलाचा कठडा हाताला लागला तेव्हाच कळला. खाली ओढा वाहत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. थेडी मनाशी घोकत होता. हो म्हणावं तर जन्मभराचं खोटं सरकारी कागदावर पक्कं होणार. नाही म्हणावं तर नेल बोटीत, आणि तो बिचारा तिथं...

पुलाच्या मध्यावर तो आला, आणि खालून हाक आली. मोठी नव्हती. शेजारी निजलेल्याला उठवावं तशी.

"थेडी... आहेस का रे?"

तो थांबला. छातीत चौदा वर्षं अडकलेला श्वास वर आला. आत्ता द्यायची, त्याला वाटलं, काय व्हायचं ते होवो, आत्ता ओ द्यायची. त्याने कठडा धरला, ओठ उघडले.

त्याच्याआधी खालून उत्तर आलं.

"आहे रे. इथंच आहे. नीज तू."

आवाज तरणा होता, स्वच्छ होता, त्यात खोकल्याची खरखर नव्हती. तो थेडीचाच आवाज होता.

चारला पाच मिनिटं असताना तो कोर्टाच्या पायऱ्या चढला. ब्रॉस्ननने त्याचा चेहरा पाहिला आणि स्वतः उठून खुर्ची दिली.

"म्हातारीने लिहवलं का पत्र?" व्हीलनने विचारलं. थेडी नुसता बघत राहिला. "बरं, ते सोडा. एवढंच सांगा. त्या रात्री तुम्ही मॉस टँगनीजवळ होतात का? हो की नाही?"

थेडीने तोंड उघडलं. 'हो' निघेना. मग 'नाही' म्हणून पाहिलं, तेही निघेना. त्याने गळ्याची कॉलर ओढून तोडली, छातीवर मूठ मारली. खोकलासुद्धा आला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हलत होते, पण खोलीत फक्त दिव्याची फुरफुर ऐकू येत होती.

"बोल ना, थेडी," ब्रॉस्नन म्हणाला. "लेका, काहीतरी बोल..."

व्हीलनने पुरती दहा मिनिटं वाट पाहिली. मग टाक शाईत बुडवला, आणि नियमाप्रमाणे लिहिलेली ओळ अर्जदाराला वाचून दाखवली.

"दोनदा विचारूनही अर्जदाराने उत्तर दिले नाही."