रिकाम्या नळीतला हिरवा रंग

आमची पहिली भेट झाली प्रयोगशाळेच्या सिंकपाशी. मी काचेच्या नळ्या घासत होते आणि शेजारच्या टेबलावर नव्यानेच रुजू झालेला तो माझ्या मागे हातात चंचुपात्र धरून, पाळीची वाट बघत उभा होता. चांगली दहा मिनिटं! त्याचं सगळंच इतकं सावकाश, की मी मनात त्याचं नाव गोगलगाय ठेवून टाकलं.

"तुम्ही कशावर काम करता?" त्यानं विचारलं.

झालं... या विषयावर मी एकदा सुटले की थांबत नाही. "कॅल्सिन्युरिन. मेंदूच्या पेशीत कॅल्शियम जरासं वाढलं तरी हे एन्झाइम जागं होतं आणि इतर प्रथिनांना चिकटलेला फॉस्फेट काढून टाकतं. मग पेशींमधल्या काही जोडण्या सैल पडतात, नव्यासाठी जागा होते."

"म्हणजे विसरायला मदत करतं?"

"तेही करतं. सगळंच लक्षात राहिलं तर माणूस शिकणार कधी?"

तो हसला, आणि माझ्या हातातली नळी पडता पडता राहिली.

शुक्रवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना निकाल दाखवायचे होते, नाहीतर माझा प्रकल्प बंद. सोमवारी मी नळ्यांत पिवळा रंग टाकला. फॉस्फेट सुटला असेल तरच तो हिरवा होतो, आणि नळ्या हिरव्यागार झाल्या! मी नाचायचीच बाकी होते. पण त्यानं माझ्या रांगेत तुलनेसाठी, एन्झाइम नसलेली, नुसत्या पाण्याची एक नळी ठेवली होती. घाईत मी ती कधी ठेवतच नसे.

"ही पण हिरवी झालीय," तो हळूच म्हणाला.

"माझं चांगलं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?"

"बघायचंय, म्हणून तर..." तो अडखळला. "नळ्या कशानं धुता?"

मी घरून आणलेला साबणाचा डबा पुढे केला. लॅबच्या साबणानं काही निघत नाही, असं आईचं ठाम मत. त्यानं डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि बोट ठेवलं. फॉस्फेट! इतके दिवस मी साबणच मोजत होते.

मला रडूच फुटलं. तो बाह्या सरसावून एकेक नळी आम्लानं धुवायला लागला, अगदी सावकाश. दोन दिवस त्याचं स्वतःचं काम तसंच पडून होतं. तो सावकाशपणा मला इतका आवडायला लागला, की माझीच मला गंमत वाटली.

गुरुवारी पाण्याची नळी पिवळीच राहिली. एन्झाइमची मात्र हिरवी झाली — फिकट, पण खरी.

शुक्रवारी मॅडमनी आधी पाण्याचीच नळी मागितली. निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "चालू ठेव."

मी धावत सिंकपाशी आले. तो तिथंच होता.

"मला तू आवडतोस," मी सांगूनच टाकलं.

त्यानं उत्तराला नेहमीसारखाच वेळ घेतला. मी थांबले.

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "शेजारचा सिंक रिकामाच होता."