नानांच्या जीपचा फ्यूज

"पुन्हा उडाला!" हितेंद्र ओरडला.

रतिलालनानांच्या जुन्या जीपचे दिवे विझले होते. संध्याकाळी जळगावला, मेहरूण तलावाकाठी जुन्या गाड्यांची मिरवणूक. आणि जीप सावद्याच्या अंगणातच अडून बसलेली!

मागच्या सीटवर बसलेली भूमिका मनातल्या मनात खूश झाली. वर्षभर नानाआजोबांबरोबर जीप पुसली कोणी? तिनं! आणि सुट्टीत हा आत्तेभाऊ जळगावहून आला काय, खिशातून वीज तपासायचं मीटर काढलं काय, नानांचं आपलं "हितेंद्रा, हे बघ! हितेंद्रा, ते बघ!" आणि हा तिला मीटरला हातही लावू देत नव्हता!

"भूमी, नवा फ्यूज दे ना."

"तूच घे! इंजिनियर ना तू?" ती फणकाऱ्यानं खाली उतरली.

हितेंद्रनं फ्यूज बसवला. दिवे लागले. डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरचा काटा वजाच्या बाजूला जरासा झुकून थांबला.

"दिव्यांना लागते तेवढीच वीज बॅटरीतून जातेय, नाना!"

"शाब्बास रे पठ्ठ्या!"

भूमिकेच्या पोटात दुखलं. ती धपकन मागच्या सीटवर जाऊन बसली. फट्! काटा वजाच्या टोकाला उडाला, शून्यावर आला. दिवे गेले.

भूमिका चमकली. मागे कोणी बसलं की फ्यूज उडतो! तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शोधू दे की यालाच. मीटर आहे ना!

तेवढ्यात गॅरेजवाले भटूभाऊ आले. मागच्या आठवड्यात त्यांनीच जीपला नव्या सीटा बसवल्या होत्या.

"एवढ्याशा फ्यूजचा केवढा घोळ!" त्यांनी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली. "बठ्ठं बरोबर शे आते, नाना!" म्हणे, सगळं ठीक झालं!

"अहो, फ्यूज उडतो तो गाडी वाचवायला!" हितेंद्र कळवळला. "आता वायरिंगच जळेल!"

"पोरा, तू जन्मायच्या आधीपासून गाड्या दुरुस्त करतोय मी!"

नानांना घाई झालेली. "चला, बसा!" त्यांनी दिवे लावले. मंदाआजी डब्यांची पिशवी सावरत मागे चढू लागली.

भूमिका धावली. "आजी, बसू नकोस!"

पण आजी बसलीसुद्धा. काटा वजाच्या टोकाला जाऊन आपटला आणि तिथंच थरथरत राहिला. डॅशबोर्डखालून धूर निघाला!

"उतर, आजी!" भूमिकेनं आजीला हाताला धरून खाली ओढलं. बॉनेट उघडंच होतं. हितेंद्रनं धावत जाऊन बॅटरीची तार उपटली. धूर विरला.

"तुला कसं कळलं गं?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"मी बसले की उडत होता. मघाशीच कळलं होतं." भूमिकेनं मान खाली घातली. "मुद्दामच नाही बोलले. सगळे तुझंच कौतुक करत होते."

हितेंद्रचे कान लाल झाले. "मीपण मुद्दामच तुला मीटर देत नव्हतो." आणि त्यानं मीटर तिच्या हातात ठेवलं.

दोघांनी मिळून सीट उचलली. मागच्या दिव्याची तार सीटच्या लोखंडी पायाखाली चेपली होती. वरचं आवरण फाटून तांबं उघडं पडलेलं! कोणी बसलं, की ते लोखंडाला टेकायचं आणि शॉर्ट सर्किट व्हायचं.

"भटूभाऊ!" नाना गरजले. "माझी बायको पेटली असती आत्ता!"

भटूभाऊंनी निमूटपणे करपलेल्या तारा काढून नव्या टाकल्या, सीटपासून दूर. तांब्याची तार फेकून खरा फ्यूज बसवला. भूमिकेनं मीटर लावून प्रत्येक जोड तपासला.

"आता बसू का गं, बाई?" आजीनं विचारलं. ती बसली, वर दोनदा उसळलीही! दिवे लखलखीत. इंजिन सुरू झालं तसा काटा हळूहळू अधिकच्या बाजूला सरकला.

मेहरूणला जीपभोवती गर्दी जमली. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं विचारलं, "नाना, वायरिंग कोणी पाहिलं हो? झकास आहे!"

"या माझ्या दोन वाघांनी!" नानांनी दोघांना पुढे ओढलं.

"खोट हिनं पकडली," हितेंद्र चटकन म्हणाला.

भूमिकेला आधी गुदगुल्या झाल्या, मग तीही घाईघाईनं म्हणाली, "पण बॅटरीची तार यानं उपटली, नाहीतर जीपची होळीच झाली असती!"

"मग भांडत कशाला होतात रे दिवसभर?" नाना हसले.

दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.